वहिनीचं बोट

माझी वहिनी डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट उभं धरून जगायची. कणीक मळताना, केर काढताना, पोरांना न्हाऊ घालताना चार बोटं कामाला आणि ते एक हवेत. निजतानाही ते बोट उशीवर वेगळं ठेवलेलं असे, पांघरुणाच्या बाहेर. इतवारीतल्या आमच्या गल्लीत बायका तिला 'बोटवाली' म्हणत. तोंडावर नाही म्हणायच्या, पण तिला ऐकू जाईल इतक्याच अंतरावरून म्हणायच्या. अजून ते हसणं आठवलं की मला शिसारी येते.

नाव सुशीला. काटोलकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. खाली आमचं भांड्यांचं दुकान आणि वर घर. घरात आई, दादा, मी आणि पुढे दादाची दोन मुलं. वडील मी मॅट्रिकला असतानाच गेले होते. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी नुकतीच शाळेत शिक्षिका झाले होते आणि लग्न ठरत नव्हतं, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या नजरेत मी आणि ही खेड्यातून आलेली वहिनी, दोघीही थोड्याफार सदोष मालच होतो. आमचं जमलं ते त्यामुळेच असेल. ती पहिल्याच महिन्यात मला म्हणाली होती, "मालूताई, संत्रं गोड हाये का आंबट, हे सालावरून नाही समजत. लोकं मात्र सालच पाहून भाव करते." मला वाटलं, बागेतली पोरगी, बागेचंच बोलणार. ती माणसांबद्दल बोलत होती.

पहिल्या मुलाच्या पाठोपाठ तिचं ते बोट दुखायला लागलं. दुखायला लागलं म्हणजे काय, ते सांगणंच कठीण आहे. एरवी धड असायची. पण थंडीत माठात हात घातला, लुगड्याचा काठ नखाला घासला, पोरानं खेळता खेळता बोट धरलं, की ती अशी किंचाळायची की खाली दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायची. मग ती कोपरापर्यंत हात पोटाशी धरून भिंतीला टेकून बसायची. चेहरा पांढराफटक, घाम फुटलेला. चार-पाच मिनिटांनी उठायची आणि राहिलेली भाकर थापायला घ्यायची.

आणि बोटाला बघावं तर काहीच नाही! सूज नाही, पू नाही, लाली नाही. हाच तिचा गुन्हा. ती एकदा म्हणाली, "मले कोणी मारलं असतं त बरं झालं असतं. वळ त दिसला असता."

शेजारच्या काकूंनी ठरवलं की हे नखुर्डं आहे. नखुर्ड्याला आमच्याकडे एकच उपाय, लिंबाला भोक पाडायचं आणि त्यात बोट खुपसायचं. काकूंनी अगदी मायेनं लिंबू आणलं आणि वहिनी नको नको म्हणत असताना आई आणि काकू दोघींनी धरून तिच्या बोटावर दाबून बसवलं. वहिनीनं असा झटका दिला की लिंबू जिन्यावरून टप्पे खात दुकानात गेलं आणि काकू पालथ्या पडता पडता वाचल्या. झालं! "सून अंगावर येते" ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर. लिंबाच्या रसानं नाही, दाबल्यामुळे तिचा जीव गेला होता, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

खरा वणवा पेटला तो बांगड्यांवरून. काचेच्या बांगड्या भरायच्या तर कासार हाताचा पंजा दाबून, बोटं आवळून बांगडी चढवतो. उजव्या हाताला ठीक होतं. डावा हात पुढे करायची वेळ आली की वहिनी उठून जायची. जुन्या बांगड्या एकेक करत पिचत गेल्या आणि एका नागपंचमीला तिचं डावं मनगट साफ उघडं झालं. नवरा धडधाकट, आणि सुनेचा एक हात मोकळा! आईनं त्या दिवशी जे तोंड सोडलं ते लिहायची मला लाज वाटते. "माह्या लेकाच्या जिवावर उठली हे अवदसा! काहून भरत नाही वं बांगड्या? कोणाचं मरण पाहून राहिली?"

दादा जेवत होता. तो फक्त म्हणाला, "आवाज कमी करा दोघी. खाली गिऱ्हाईक हाये."

माझ्या भावाबद्दल एवढं एक वाक्य पुरेसं आहे. तो वाईट नव्हता. दारू नाही, मारहाण नाही, बाहेर काही नाही. गल्लीत त्याला देवमाणूस म्हणत. असल्या देवमाणसांचा मला मनापासून वीट येतो. बायको शेजारी किंचाळते आणि हा वरण वाढून घेतो!

डॉक्टर झाले नाहीत असं नाही. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, आणि ताकदीची इंजेक्शनं देत राहिले. दुसऱ्यांनी एक्स-रे फोटो काढला, हाड चांगलं निघालं, तर त्यांनी तिथेच सोडून दिलं. तिसऱ्यांनी नखात काहीतरी असेल म्हणून नखच उपटून काढलं. नख काढलं आणि खाली काय आहे ते पाहिलंच नाही, पट्टी बांधून मोकळे. नख परत आलं, दुखणंही परत आलं. चौथे मोठे नावाजलेले होते. त्यांनी वहिनीचं बोट हातातही घेतलं नाही. दादालाच विचारलं, "सासू-सुनेचं कसं आहे?" मग म्हणाले, "मनाचं आहे. बायकांना होतं असं. कामात गुंतवा." झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

शी! त्या एका वाक्यानं केवढं नुकसान केलं. त्या आधी घरात निदान शंका तरी होती. आता आईच्या हातात डॉक्टरचा दाखला आला. वहिनी किंचाळली की आई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणायची, "मनाचं हाये ते. डॉक्टरनं सांगतलं ना!" पोरंसुद्धा शिकली. धाकटा तीन-चार वर्षांचा, तोही आईकडे बघून म्हणायचा, "मनाचं हाये." वहिनी त्यालाच जवळ घेऊन हसायची. मला म्हणायची, "दुखण्याले तोंड असतं, मालूताई, त म्या त्यालेच बोलाले लावलं असतं. माह्या तोंडाची त किंमत संपली."

मग भगताची पाळी आली. मी शाळेत होते, म्हणून त्यांना फावलं. आईनं तिला शहराबाहेर कुठल्याशा झोपडीत नेलं. त्या माणसानं अंगातलं 'बोलतं करायला' तेच बोट चिमटीत धरून पिळलं. वहिनी बेशुद्ध पडली. ते पाहून तो म्हणाला, गेलं भूत. मी घरी आले तेव्हा ती खाटेवर पडलेली होती, आणि बोटाला राख, शेंदूर आणि त्या माणसाच्या तोंडातला पानाचा थुंका असं सगळं माखलेलं होतं. मी ते कोमट पाण्यानं धुतलं. धुताना मला ओकारी आली ती थुंक्याची नव्हती. आई बाजूला उभी राहून सांगत होती की कसा गुण आला.

वहिनी डोळे मिटूनच म्हणाली, "मालूताई, मी येडी होऊन राहिली का जी? खरं सांगा. सारे म्हणते त असंन बी."

त्या क्षणी मला कळलं की आता बोटाचं राहिलेलं नाही. तिचा स्वतःवरचाच विश्वास सुटायला लागला होता. बोट गेलं तरी बाई राहते, पण हे गेलं तर काय राहणार?

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं की मोठ्या दवाखान्यात एक सर्जन आलेत, ते रोग्याचं ऐकून घेतात. ऐकून घेणारा डॉक्टर म्हणजे तेव्हा बातमीच होती. मी कोणाला न विचारता वहिनीला रिक्षात घातलं. वाटेत ती मला समजावत होती, "जाऊ द्या ना जी. तेही मनाचंच म्हणतीन. कायले सुट्टी वाया घालवता?"

डॉक्टर सडपातळ, कपाळाला आठ्या असलेले. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं, आणि बरं केलं, कारण मी भाषणच सुरू केलं होतं. त्यांनी वहिनीला विचारलं, "गार पाण्यानं वाढतं?"

वहिनी एकदम सरळ बसली. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता. "हो जी. हिवाळ्यात त जीव जाते."

"सगळं बोट दुखतं की एकच जागा?"

"एकच जी. सुईच्या टोकाएवढी. मंग तिथून खांद्यालोक चढते."

त्यांनी बोट उजेडात धरलं. नखाच्या मुळाशी निळसर झाक होती, इतकी पुसट की दाखवल्याशिवाय दिसू नये. मग त्यांनी टाचणी घेतली, उलटी धरली आणि तिच्या बोथट डोक्यानं नखावर हळूच दाबत गेले. इथे? नाही. इथे? नाही. इथे? वहिनीची किंकाळी बाहेर ओसरीवर बसलेल्या लोकांनी ऐकली. डॉक्टरांनी मान हलवली आणि जवभर बाजूला दाबलं. तिथे काहीच नाही. मग त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा तिच्या दंडाला बांधला, हात वर धरून फुगवला आणि पुन्हा त्याच जागी टाचणी ठेवली. वहिनीनं डोळे घट्ट मिटून घेतले. मी तोंड फिरवलं.

काहीच आवाज आला नाही.

"आता?" डॉक्टर म्हणाले.

"आता... नाही दुखत जी." ती बोटाकडे बघत राहिली. "दाबून राहिले ना तुम्ही? दाबा बरं अजून!"

पट्टा सोडल्यावर दुखणं परत आलं. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले आणि तिच्याशीच बोलले, माझ्याशी नाही. "बाई, बोटांच्या टोकाशी रक्ताच्या बारीक नळ्यांची गुंडाळी असते. थंडी-उष्णता सांभाळायचं तिचं काम. तुमच्या नखाखाली त्यातली एक वाढून तिची गाठ झाली आहे. कॅन्सर वाटत नाही, पसरायचीही नाही. पण दुखणं भयंकर. रक्त अडवलं की दुखणं थांबतं, ते तुम्ही आत्ता पाहिलंत. क्वचित होणारा रोग आहे. मीही शिकत असताना एकच पाहिला होता. नख उचलून गाठ काढली की बहुतेक संपेल. क्वचित परत येते, तर परत काढू."

कोणीही विचारलं असतं, ऑपरेशन दुखेल का, बोट राहील का. वहिनीनं विचारलं, "म्हंजे हाये ना जी? काहीतरी खरंच हाये ना तिथं?"

"आहे," डॉक्टर म्हणाले. "शंभर टक्के आहे."

ती रडली नाही. पदर नीट केला, आणि माझ्याकडे बघून हसली. इतकी साजरी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

ऑपरेशनला नवऱ्याची सही हवी. दादा म्हणाला, "लग्नसराई होऊ दे. आता दुकान सोडून कोण जाते?" मी त्याला सांगितलं की सही केली नाहीस तर मी दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुझ्या बायकोचं बोट दाखवीन. सही लगेच झाली. वहिनी नंतर मला म्हणाली, "तुमचं भांडण मोठं साजरं असते, मालूताई. मले जमलं असतं त काय पाहिजे होतं!"

नुसतं बोट बधिर करून ऑपरेशन झालं. बाहेर काढलेली गाठ डॉक्टरांनी काचेच्या लहान बाटलीत ठेवली होती, तपासणीला पाठवायच्या आधी. मसुराच्या अर्ध्या डाळीएवढी. वहिनीनं त्यांना गळ घातली, "माह्या घरचे येऊन राहिले जी. त्याइले दाखवा. मंग पाठवा." एवढीच तिची हौस. तिला बरं व्हायचं होतं त्याहून जास्त, त्या दोघांनी ती बाटली पाहायला हवी होती.

आई आणि दादा आले. वहिनीनं पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दुसऱ्या हातानं बाटली दाखवली. तिचे डोळे मी विसरूच शकत नाही. पहिल्या नंबरानं पास झालेलं पोर घरी निकाल दाखवतं ना, तसे होते.

आईनं बाटली खिडकीकडे धरली, डोळे बारीक केले. "कुठं हाये? हे? इतकुसं?" तिनं बाटली खाली ठेवली. "अन् याच्यासाठी इतके वर्स तमाशा केला व्हय?"

मी तोंड उघडणार, तोच वहिनी बोलली. आवाज चढवला नाही. "कुसळ बी इतकुसंच असते, आत्याबाई. डोयात गेल्यावर समजते."

सासूला ती तोंडावर बोललेली मी ऐकलेली ही पहिली वेळ. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण दादाचं व्हायचं होतं. त्यानं बाटली पाहिली, नाक खाजवलं, आणि डॉक्टरांकडे वळून बायकोच्या देखत विचारलं, "म्हंजे डॉक्टरसाहेब, इले खरंच दुखत होतं म्हणता?"

डॉक्टरांच्या आठ्या आणखी वर गेल्या. "हे तुम्ही मला विचारता? तिच्याबरोबर मी राहतो का तुम्ही?"

दादा ओशाळून हसला. वहिनी हसली नाही. तिनं बाटली उचलली, डॉक्टरांना परत दिली आणि म्हणाली, "पाठवा जी आता."

बोट मात्र लख्ख बरं झालं. तपासणीतही काही वावगं निघालं नाही. पुढच्या हिवाळ्यात एका पहाटे मी पाहिलं तर वहिनी मोरीत बसून डावा हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत घालून नुसती बसली होती, आणि दात वाजत असताना हसत होती. मला म्हणाली, "याहो, तुम्ही बी घाला! लई मजा येते." कासार आला, डाव्या हातात डझनभर बांगड्या भरून गेला. आईनं गल्लीत सांगितलं की भगताचा गुण आला, जरा उशिरा आला इतकंच, आणि त्याला नारळ-धोतर पोचवून आली. आता सुनेला दहाही बोटं होती, म्हणून दुकानातली काळवंडलेली पितळी भांडी घासायलाही वर येऊ लागली. चिंच आणि राख घेऊन ती ढीगच्या ढीग घासायची. नाही म्हणाली नाही.

माझं लग्न झालं, मी धरमपेठेत गेले. आईला पुढे अर्धांगवायू झाला, तिचं सगळं वहिनीनं केलं. आईचे नुसते ओठ हलले तरी "काय होते, आत्याबाई? कुठं दुखते?" म्हणून वाकायची. तिच्या दुखण्याला कधी पुरावा मागितला नाही. मी कौतुक केलं की म्हणायची, "ज्याचं दुखते त्यालेच ठाऊक असते, बाई. आपण फक्त हो म्हणावं."

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मात्र माझ्याही उशिरा लक्षात आली. वहिनी स्वतःबद्दल कधी काही सांगतच नसे. ताप नाही, डोकं नाही, पाठ नाही. विचारलं की "मजेत हाये." गल्लीत तिचं फार कौतुक व्हायचं. बोट बरं झाल्यापासून कशी गुणाची झाली बघा, तक्रार म्हणून नाही! हे कौतुक करणाऱ्या त्याच बायका, 'बोटवाली' म्हणणाऱ्या. दादाही अभिमानानं सांगायचा.

ऐंशी सालानंतरच्या एका दिवाळीला ती माझ्याकडे आली, आणि तिला मिठी मारली तर हाताला हाडंच लागली. ताटात अर्धी पोळी टाकली. मी तिला उचलून त्याच दवाखान्यात नेलं. आता तिथे दुसरे डॉक्टर होते. पोटात गाठ होती. ही त्या जातीची नव्हती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वर्षभर तरी दुखत असणार, आधी का नाही आणलं?

मी आत जाऊन तिच्यावर ओरडलेच. वर्षभर दुखतं आणि सांगत नाही? तोंड शिवलंय का?

ती शांतपणे म्हणाली, "एकदा सांगून पाह्यलं होतं ना, मालूताई."

"मग मला सांगायचं होतं!"

"तुम्ही भांडाले आल्या असत्या. मले भांडण नोको होतं आता." मग माझा हात थोपटून म्हणाली, "रागावू नोका वं बाई. लई थकली मी सांगाले."

उन्हाळ्याआधी ती गेली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, भाग्याची, नवऱ्याआधी अहेव गेली. काकूंनी तर हेवा वाटतो म्हणून डोळे पुसले. असल्या भाग्याची मला किळस आली आणि मी जिना उतरून खाली आले. दुकान बंद होतं, फळीवर दादा बसला होता, भोवती चार व्यापारी. तो रडत होता, खरंच रडत होता, आणि सांगत होता, "एक शबूद बोलली नाही हो. वर्सभर दुखत होतं अन् एक शबूद नाही. बोलली असती त मुंबईले नेलं असतं म्या."

माणसं च् च् करत होती. मी त्या सगळ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बोलत होती, दादा. कित्येक वर्षं ओरडून सांगत होती. तू जेवत होतास."

दादानं डोळे वर केले. त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं. बाहीनं नाक पुसून तो मला समजावून सांगायला लागला, "ते नाही वं, मालू. ते त बोटाचं होतं."